हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की बाबा दोनदा दाढी करायचे.
खडकी बाजारातल्या बँकेत जाऊन
आपण जिवंत आहोत हे सांगायचं असायचं,
आणि ते काही खुंट वाढलेल्या तोंडाने सांगायची गोष्ट नव्हे.

दहाला बँक उघडायची, साडेनऊला बाबा पायरीवर.
काखेत फाइल, बुटांना आरशासारखं पॉलिश.
रांगेतले म्हातारे त्यांना सुभेदारसाहेब म्हणत
आणि ते दर वर्षी दुरुस्त करत:
नायब सुभेदार. केरबा लोहकरे. सॅपर.
जे मिळालं नाही ते लावायचं नाही.

गेल्या वर्षी मशीनने अंगठा ओळखला नाही.
उजवा, डावा, रुमालाला पुसून, फुंकर मारून, पुन्हा उजवा.
दोर ओढून, लोखंड उचलून,
गोठल्या पाण्यात नटबोल्ट आवळून
रेषा कधीच्याच झिजल्या होत्या.
काउंटरवरची मुलगी कसनुशी हसली,
"आजोबा, मशीन म्हणतंय तुम्ही नाही आहात."
"त्याला सांग, रजेवर होतो. हजर झालोय."

लढाईचं फारसं बोलले नाहीत.
एकच गोष्ट, तीही आम्ही फार मागे लागलो तर:
पूर्वेकडच्या एका नदीवर रात्रीत पूल टाकला,
पहाटे रणगाडे पार झाले,
अकराव्या दिवशी ज्यांनी बांधला त्यांनीच सोडवला,
मोजून ट्रकात चढवला.
"एक पिन कमी भरली," म्हणायचे. "एकच."
आणि उठून माठातलं पाणी प्यायचे.
ती पिन म्हणजे पिनच होती का,
विचारायचं राहिलं.

पेन्शनीत आले तेव्हा मी सातवीत.
आई कारखान्यात पहिल्या पाळीला,
म्हणून माझ्या वेण्या त्यांच्याकडे आल्या.
अशा आवळायचे की दिवसभर भुवया वर.
वर्गात मी कायम
कशाचं तरी नवल वाटल्यासारखी बसलेली असायचे.
एकही वेणी कधी सुटली नाही.

एम्प्रेस गार्डनमध्ये सगळी पोरं हिरवळीवर लोळायची,
मी आणि शिवाप्पा मात्र फरसबंदीवर, डबा मांडीवर.
गवतावर पाय ठेवायचा नाही.
बाबा पुढे, आम्ही त्यांच्या पावलांवर.
मला वाटायचं, बाप लोक असेच चालतात.

मार्चमध्ये कमांड हॉस्पिटलात गेले,
पहाटे पावणेपाचला, म्हणजे त्यांच्या उठायच्या वेळेला.

ट्रंक उघडली तर सगळ्यात वर फाइल. झाकणावर: माझ्यानंतर.
आत आकडे घालून, तिरक्या अक्षरात:
एक. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती. आठ पुरत नाहीत.
दोन. बँकेत शक्यतो मंगळवारी. सोमवारी गर्दी.
तीन. कँटीनचं कार्ड परत करणे, पावती घेणे.
चार. शिवाप्पाने रडू नये असं नाही, पण आधी बिलं भरावीत.
अशा सतरा ओळी.
सोळावी: बुटांची जोडी चांगली आहे. कोणाच्या पायात बसेल त्याला द्या.

मंगळवारी आईला घेऊन गेले.
त्याच मुलीने फाइल उघडली, पानं उलटली,
एक कागद कमी निघाला नाही.
तिने वर पाहिलं, काही बोलायला गेली,
आणि शिक्का जरा जोरातच मारला.

बाहेर बाजार तुडुंब. टेम्पो, हातगाड्या, हॉर्न.
मी आईच्या उजवीकडे आले.
"हे गं काय," ती म्हणाली, "तुझे बाबाही
नेहमी याच बाजूने चालायचे. चाळीस वर्षं.
मला वाटायचं, पलटणीचा काही नियम असेल."

"असेल," मी म्हटलं.

फाइल माझ्या काखेत होती, आणि तिच्यात सतरावी ओळ:
रस्त्यात आईच्या उजवीकडून चालणे.
डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं, कारखान्यापासून.
तिला हे मान्य नाही. सांगू नये.